साहेबांना विचारावे

आमच्या घरमालकांना साऱ्या जगात चुका दिसत, फक्त एका पुस्तकात दिसत नसत. रेल्वेचं वेळापत्रक चुकलेलं असे, भिंतीवरच्या कॅलेंडरातली अमावास्या चुकलेली असे, नवापूरच्या शिंप्याने शिवलेल्या पायजम्याचा डावा पाय अर्धं बोट चुकलेला असे आणि मी तपासलेल्या पेपरांची बेरीज तर हमखास चुकलेली असे. संध्याकाळी ओसरीवर बसून ते माझा गठ्ठा न विचारता ओढून घेत आणि तिसऱ्या-चौथ्या पेपरावर बोट ठेवून म्हणत, "मास्तर, या पोराचा एक मार्क तुमच्याकडे राहिला." असा हा माणूस बायबलासमोर बसला की मात्र त्याची सगळी चिकित्सा चपला काढून बाहेर उभी राही. त्या पुस्तकात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत काना-मात्राही चुकलेली नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. मी बी.ए.ला तत्त्वज्ञान घेऊन दुसऱ्या वर्गात पास झालेलो आणि देव नाही याची मला परीक्षेच्या निकालाइतकीच खात्री. आम्हा दोघांना एका ओसरीवर आणून बसवणाऱ्याला, तो असलाच तर, विनोदाची चांगली जाण असली पाहिजे.

ही गोष्ट पन्नास-साठच्या दशकांतली. आज नंदुरबार जिल्हा म्हणतात तो मुलूख तेव्हा धुळ्यात मोडत असे. नवापूर तालुक्यातल्या एका गावात मिशनचा दवाखाना होता. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून माझ्यावर थोडी रागावलेली असतील आणि ते बरोबरच आहे. आमचे घरमालक त्या दवाखान्यात कंपाउंडर होते. आसपासच्या पाड्यांतले लोक त्यांना डॉक्टर म्हणत आणि ते प्रत्येकाला थांबवून "कंपाउंडर" अशी दुरुस्ती करत. एक म्हातारी ओकाऱ्यांनी बेजार होऊन आली आणि "डॉक्टर, वाचवा" म्हणाली, तर तिलाही आधी दुरुस्ती ऐकावी लागली आणि मग औषध मिळालं. मी त्यांना काका म्हणत असे. घरात ते काकूंशी मावची बोलत, बाजारात अहिराणी, आणि माझ्याशी जी मराठी बोलत ती सगळी त्या एका पुस्तकातून शिकलेली. त्यामुळे "चहात साखर नाही" हे साधं वाक्यसुद्धा "मास्तर, मी खचित सांगतो, या चहात साखर नाही" असं येई आणि साखरेविना चहालाही एक भारदस्तपणा चढे.

त्यांच्या साऱ्या स्वभावाची किल्ली त्यांच्या धंद्यात होती, पण हे कळायला मला फार उशीर लागला. त्या काळी औषधं दवाखान्यातच बनत. डॉक्टर चिठ्ठी लिहून देत आणि कंपाउंडर खलात घोटून, तराजूत तोलून, बाटलीत भरून बाटलीला डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवत असे. काकांना या पट्टीचं इतकं वेड की घरातल्या खोबरेल तेलाच्या बाटलीलाही ती असे आणि माझ्या कंदिलाच्या रॉकेलच्या बाटलीलाही. मी एका रात्रीत दोन खुणा वाचन केलं की सकाळी ते बाटली उजेडात धरून म्हणत, "काल डोस जास्त झाला." काकू म्हणायच्या, "लग्नात माझ्या कपाळाला पट्टी लावली नाही हेच नशीब." पण या माणसाने तीस वर्षांत डॉक्टरच्या चिठ्ठीतला एक थेंब इकडचा तिकडे केला नव्हता. चिठ्ठीत काही विचित्र दिसलं तर ते औषध बनवत नसत आणि चिठ्ठी दुरुस्तही करत नसत. तशीच हातात धरून ते डॉक्टरांच्या बंगल्यावर जात आणि डॉक्टर जेवत असले तर जेवण होईपर्यंत पायरीशी उभे राहत. कधीकधी डॉक्टरांचा हात खरोखरच घसरलेला असे. ते हसून आकडा बदलत, आभार मानत. त्यावर काका म्हणत, "नाही साहेब, मलाच वाचता आलं नाही."

मी राहायला गेलो त्या पहिल्याच आठवड्यात वाद पेटवला. तुमच्या पुस्तकात जग दोनदा निर्माण होतं, म्हटलं. पहिल्या अध्यायात आधी जनावरं आणि मग माणूस, दुसऱ्यात आधी माणूस आणि मग जनावरं. यातलं खरं कोणतं? मला वाटलं होतं म्हातारा चिडेल, निदान काखा वर करेल. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही अध्याय शांतपणे वाचले, आत जाऊन एक लांबट वही आणली आणि माझा प्रश्न माझ्यापेक्षा चांगल्या शब्दांत लिहून घेतला. वहीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'साहेबांना विचारावे'. मला वाटलं, दवाखान्याच्या गोऱ्या साहेबांना विचारणार असतील. महिनाभराने आठवण केली तेव्हा काका जरा संकोचले. "ते साहेब नव्हे," ते म्हणाले आणि डोळे वर केले. मेल्यावर ती भेट व्हायची होती, आणि भेटीत एवढ्या लांबच्या प्रवासाने काही विसरायला नको म्हणून ही तयारी चालली होती. पुस्तक चुकलेलं नाही, मला वाचता आलेलं नाही, आणि ज्याने चिठ्ठी लिहिली त्याला एक दिवस पायरीशी उभं राहून विचारता येईल, इतकं ते सरळ होतं. मी त्या रात्री पोट धरून हसलो.

या वहीत माझ्याआधी पंधरा वर्षं भर घालत आलेला एक माणूस होता. शहाद्याकडचा, तापीकाठचा एक गुजर शेतकरी, आम्ही त्यांना पटेलबाबा म्हणू. कधीकाळी बैलगाडी उलटून मांडी मोडली म्हणून ते या दवाखान्यात दोन महिने पडून होते. वाचायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यांनी बायबल पहिल्यापासून शेवटपर्यंत शेतातलं तण काढावं तसं वाचून काढलं आणि औषध घेऊन येणाऱ्या कंपाउंडरला रोज एक चूक ऐकवली. मांडी सांधली, पण खोड गेली नाही. दर महिन्याला "पाय दुखस" असं घरी सांगून ते मोटार आणि रेल्वे करत येत, पाय कुणालाही न दाखवता आमच्या ओसरीवर बसत आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात. पटेलबाबा आपलेही देव मानत नसत. "घड कापं की केळ बी पाडी टाकतस," ते म्हणत, "मानूसनं बी तसंच शे. मांघे काय ऱ्हास?" आपल्या गुरूचा विश्वासघात करणारा शिष्य बायबलात एका ठिकाणी गळफास घेऊन मरतो आणि दुसऱ्या ठिकाणी शेतात पडून पोट फुटून मरतो, हा त्यांचा लाडका मुद्दा. "अरे डाक्टर, एक मानूस दोनदा मरस कसा?" काका आधी म्हणत, "कंपाउंडर." मग म्हणत, "लिहिलं आहे पटेल, एकोणीसशे एकेचाळीस साली तुम्ही विचारलंत तेव्हाच लिहिलं आहे."

नुसतं लिहून मात्र ते थांबत नसत. जे तपासता येईल ते तपासत. ससा रवंथ करतो असं शास्त्रात, म्हणजे बायबलात, आहे आणि ससा काही गाय नव्हे, असं मी एकदा म्हणालो, तर त्यांनी पाड्यावरच्या एका पारध्याकडून जिवंत ससा आणवला, औषधाच्या खोक्यात ठेवला आणि तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ घड्याळ लावून त्याच्यासमोर बसले. "तोंड हलतंय," ते विजयाने सांगत. मी म्हणालो, "तोंड तर आमच्या हेडमास्तरांचंही दिवसभर हलतं." त्यांनी वहीत लिहिलं : सशाचे तोंड हलते, कारण कळले नाही. ससा पुढे काकूंची कोथिंबीर फस्त करून पळाला. एकदा पटेलबाबांनी पुडीतून चिमूटभर खसखस काढून ओसरीवर ठेवली. मोहरीचं बी सगळ्या बियांत बारीक, असं पुस्तक म्हणतं, मग हे काय? काकांनी घरचा तराजू आणला, मोजून शंभर दाणे हे आणि शंभर ते तोलले. खसखस हलकी भरली. त्यांनी पारडी बदलून पुन्हा तोललं आणि मग म्हणाले, "ती गोष्ट शेतात पेरायच्या बियांची आहे. तुमच्या शेतात खसखस आहे का पटेल?" पटेलबाबा उसळले, "अफूनं पीक ते! सरकार पेरू दी तवय ना!" पुढच्या महिन्यात ते तंबाखूचं बी घेऊन आले. काकांनी विचारलं, त्या काळी त्या देशात तंबाखू होती काय? पटेलबाबा मला म्हणाले, "हाऊ मानूस वकील व्हता ना मास्तर, ते मन्हं वावर बी याना नाववर व्हई जातं." खसखस मात्र वहीत गेलीच, कारण आपल्या उत्तराने काकांचं स्वतःचं समाधान झालेलं नव्हतं.

या माणसाला आयुष्यात मान असा एकच होता. दर रविवारी मंदिरात, म्हणजे गावातल्या चर्चमध्ये, शास्त्राचं वाचन ते करत. सव्वीस वर्षं करत आले होते. शनिवारी सबंध दिवस ते घशाला जपत, चिंच खात नसत, काकूंशी भांडण आलं तर सोमवारवर टाकत. रविवारी इस्त्रीचा पांढरा कोट घालून ते उभे राहत आणि एकेक शब्द थेंब मोजावा तसा वाचत. एकदा वाचताना त्यांच्याकडून एक 'आणि' सुटला. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. पुढच्या रविवारी त्यांनी भर मंडळीसमोर सांगितलं, "मागच्या वेळी एक आणि माझ्याकडे राहिला होता, तो आज देत आहे." हे मी काकूंकडून ऐकलं आणि शाळेत सगळ्यांना नक्कल करून दाखवलं. त्या वाचनापुढे त्यांना पगार, पेन्शन, काही महत्त्वाचं नव्हतं. आणि तेच मी घालवलं.

झालं ते असं. नाताळाआधीच्या सभेला बाहेरगावचा एक नामांकित वक्ता आला. मंडप भरलेला. मी शाळेतल्या दोन-तीन सोबत्यांना घेऊन मागे उभा होतो, गंमत बघायला. वक्ता आवेशाने म्हणाला, या ग्रंथात कुणालाही एकसुद्धा चूक दाखवता आलेली नाही, असेल कुणी तर उभं राहावं. माझ्या अंगात काय संचारलं देव जाणे. मी ओरडलो, "एक नाही, एकशे बारा! आणि त्या वहीत लिहून ठेवणारे गृहस्थ तुमच्या पहिल्याच रांगेत बसलेत." माझ्या सोबत्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतून काकांनी मागे वळून पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी आजवर केव्हाच विसरलो असतो. डॉक्टरची चिठ्ठी उलटसुलट करून वाचताना ते बघत, तसे ते माझ्याकडे बघत होते.

पंधरा दिवसांत मंडळीच्या पंचांची बैठक बसली. पाळकसाहेब, म्हणजे मंदिराचे धर्मगुरू, तरुण होते, नुकतेच शिकून आलेले, मनाने चांगले, पण पंच कडक. जो माणूस शास्त्राच्या चुका मोजतो त्याने शास्त्र वाचावं काय, हा प्रश्न होता. मी पटेलबाबांना तार करून बोलावून घेतलं आणि आम्ही दोघं, उभ्या जन्मात प्रार्थना न केलेली माणसं, एका ख्रिस्ती माणसाची श्रद्धा शाबूत आहे अशी साक्ष द्यायला मंदिराच्या बाकावर जाऊन बसलो. मी सांगितलं की हे सगळे प्रश्न आमचे आहेत, वही नावालाच त्यांची. माझं बोलणं वकिली झालं, कुणाला पटलं नाही. मग पटेलबाबा काठी टेकत उठले. "बावीस वरीस व्हई गयात," ते म्हणाले, "मी याले पाडाले दखी ऱ्हायनू. हाऊ पडस नही. तुमन्हा मझार असा दुसरा कोन शे, माले दखाडा. मी उद्यापासून त्यानाकडे येसू." दोन पंच हसले. वातावरण सैल झालं. पाळकसाहेबांनी संधी साधून काकांना म्हटलं, "तुम्ही फक्त एवढंच सांगा, की माझ्या मनात काही प्रश्न नाही. विषय इथेच संपेल."

इतकं सोपं होतं. मी मनात म्हणत होतो, म्हणा काका, एवढं एक वाक्य म्हणा. काका उभे राहिले, कोटाचं बटण लावलं. "शंका नाही," ते म्हणाले. "प्रश्न आहेत. एकशे बारा आहेत. नाहीत म्हणालो तर ते या घरात खोटं बोलणं होईल." पंचांनी वही मागून घेतली, मंदिराच्या पेटीत ठेवली, आणि पुढच्या रविवारपासून वाचन दुसऱ्याकडे गेलं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो. रडू येत होतं, पण बी.ए.पणा आड येत होता. कसंबसं म्हटलं, काका, माझ्यामुळे झालं. ते म्हणाले, "तुम्ही खोटं काय बोललात? एकशे बारा होतेच." मग म्हणाले, "तिथे बोलायला नको होतं, मास्तर. ओसरीवरचं होतं ते." एवढंच. त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही, भाडंही वाढवलं नाही आणि माझ्या पेपरांची बेरीजही सोडली नाही.

रविवारी ते मंदिरात जात, मागच्या बाकावर बसत. दुपारी मात्र, का कोण जाणे, ते कोट काढत नसत. एका रविवारी मी सहज म्हटलं, काका, आज काय वाचलं असतंत? त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, पुस्तक आणलं आणि उभं राहून वाचायला लागले. अध्यायभर वाचलं. तेव्हापासून दर रविवारी दुपारी आमच्या ओसरीवर वाचन सुरू झालं. श्रोते म्हणजे काकू, मी, आणि महिन्यातून एकदा पटेलबाबा. अपराधीपणाने मी तोंडातून चकार शब्द काढत नसे, आणि पटेलबाबांनाही मी डोळ्यांनी दटावून गप्प बसवत असे. असे दीड-दोन महिने गेले. एका रविवारी काकांनी मध्येच पुस्तक मिटलं आणि सात वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला. "गप्प बसणारे मंदिरात पुष्कळ आहेत," ते म्हणाले. "तुम्ही इथे माझ्यावर दया करायला येता काय?" पटेलबाबा याचीच वाट बघत असावेत. "तुन्हा पुस्तकमा तो राक्षस कोनी मारा मंग?" त्यांनी ताडकन विचारलं. "एक जागावर त्या मेंढक्या पोऱ्यानी मारा, दुसरी जागावर दुसराच कोनी मारा!" काकांचा चेहरा असा उजळला, की काकू चहा टाकायला आत गेल्या त्या डोळे पुसतच गेल्या. त्या दिवशी पटेलबाबांची गाडी चुकली.

महाराष्ट्र राज्य झालं त्या साली माझी बदली लांब झाली. निघताना मी पाया पडलो तर काका म्हणाले, "माणसाच्या पाया पडू नये असं आहे." पण हात डोक्यावर ठेवला. मग संसार, परीक्षा, पोरंबाळं. वर्षातून एखादं पत्र जाई, एखादं येई. पाच-सहा वर्षांनी पटेलबाबांचं पत्र आलं, जाडजूड अक्षरांत, बोलतात तसंच लिहिलेलं. काका गेले होते. दोन दिवसांच्या तापात गेले. जाताना काकूंना सांगून गेले होते की मातीच्या वेळी शास्त्र पटेलांनी वाचावं. पंच कुरकुरले. पाळकसाहेब, आता ते काही तरुण राहिले नव्हते, त्यांनी स्वतःच पुस्तक उघडून पटेलबाबांच्या हातात दिलं. 'मी वाचं,' पटेलबाबांनी लिहिलं होतं, 'एक आखर सोडं नही. पन वाचता वाचता एक जागावर माले नवी चूक दिसनी. इतला वरीस मा कधी दिसनी नव्हती. मी पुढे वाचत गऊ. तठे कोनले सांगू?'

मी ते पत्र काही दिवस उशाशी ठेवलं. मग उलट टपाली विचारलं, पटेलबाबा, कोणता अध्याय? कोणती चूक? मलाही कळू द्या, मी इथे बघतो. त्यांचं कार्ड आलं. पाऊसपाणी बरं आहे, केळी चांगली आहे, पाय आता खरोखरच दुखतो. आणि खाली, जागा संपत आली म्हणून बारीक अक्षरांत एक ओळ : 'ती तुमले सांगाव नही. ती मी भेटसू तवय डाक्टरलेच सांगसू.'

मला पटेलबाबांचा फार हेवा वाटला.